थ्रेड : बंगाली आडनावात नेमके काय दडलेले असते?

बंगालीत आडनावाला ‘पदबी’ म्हणतात. मराठी कानाला त्यात विद्यापीठाची पदवी ऐकू येते, आणि ते फारसे चूक नाही. बंगालमधील कित्येक आडनावे मुळात दरबाराने, कचेरीने वा पाठशाळेने दिलेली बिरुदे आहेत. समाजमाध्यमांवर मात्र आडनाव वाचताच त्या माणसाची जात, धर्म आणि ‘मूळ’ ठरवून मोकळे होण्याची घाई असते. बंगालच्या बाबतीत ही घाई हमखास तोंडघशी पाडते.

‘मजुमदार’ हेच घ्या. फारसी ‘मजमूआदार’ म्हणजे महसुलाचे एकत्रित हिशेब राखणारा अधिकारी. हे काम हिंदूंनी केले, मुसलमानांनीही केले. म्हणून इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार यांचे आडनाव बांगलादेशातील मुसलमान घरांतही आढळते. सरकार, चौधुरी, तालुकदार, बिस्वास यांचेही तेच. दख्खनेत हाच शब्द ‘मुजुमदार’ झाला. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी या पदाला ‘अमात्य’ हे संस्कृत नाव दिले. तरी पुण्याच्या कसबा पेठेतील वाडा मुजुमदारांच्याच नावाने ओळखला जातो. राजाज्ञेने पदाचे नाव बदलले, घराण्याचे नाही.

एकाच कुळनामाच्या वाटाही किती फुटाव्यात! बंद्योपाध्याय हे बोलण्यात ‘बाँडुज्जे’ आणि इंग्रजी कागदावर ‘बॅनर्जी’. राममोहन राय यांचे घराणे मूळचे बंद्योपाध्याय. पूर्वजाने नबाबाची चाकरी केली आणि ‘राय’ हा किताब पुढे आडनाव होऊन बसला. ईश्वरचंद्र हेही बंद्योपाध्यायच, पण विद्वत्तेसाठी मिळालेल्या ‘विद्यासागर’ या उपाधीने कुळनाम झाकून टाकले. एकाला दरबाराने नाव दिले, दुसऱ्याला पोथीने.

सर्वांत विलक्षण कथा ठाकुरांची. रवींद्रनाथांचे पूर्वज कुशारी. ते पिराली ब्राह्मण. मुसलमानी संसर्गाचा ठपका ठेवून सनातनी ब्राह्मणांनी या शाखेशी रोटीबेटी व्यवहार तोडला होता. परंपरा सांगते की, पंचानन कुशारी गोविंदपुरास येऊन राहिले, तेव्हा तेथील कोळी आदी लोक ब्राह्मण म्हणून त्यांना आदराने ‘ठाकुर’ म्हणू लागले. इंग्रजांनी ते उचलले आणि त्याचे ‘टॅगोर’ केले. म्हणजे ज्यांच्या पंक्तीला उच्चवर्णीय बसत नव्हते, त्यांना देवाचे नाव दिले ते गावच्या कष्टकऱ्यांनी. (मराठीने ‘टागोर’ हा इंग्रजी अपभ्रंशच का जवळ केला, हे कोडेच आहे. ‘ठाकूर’ तर घरचाच शब्द होता.)

तरीही आडनाव अगदी निष्पाप असते असे नव्हे. पुरुषांच्या नावांत कचेरी बोलते, तर बायकांच्या नावांत समाजाची उतरंड. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण स्त्रीच्या नावापुढे ‘देबी’ लागे. इतर बहुतेक जातींतील स्त्रीच्या वाट्याला येई ‘दासी’. रवींद्रनाथांची थोरली बहीण, कादंबरीकार स्वर्णकुमारी ‘देबी’. तिची समकालीन, रंगभूमी गाजवणारी बिनोदिनी मात्र ‘दासी’.

बिनोदिनीचा जन्म गणिकांच्या वस्तीतला. १८८३मध्ये कोलकात्यात नवे नाट्यगृह उभे राहत होते. त्यासाठी पैसा देणाऱ्या धनिकाची अट तिने स्वतःला गहाण ठेवून पाळली. नाट्यगृहाला तिचे नाव देण्याचा शब्द होता. नोंदणीच्या वेळी मात्र नाव पडले ‘स्टार’. वेश्येच्या नावाच्या नाट्यगृहात भले लोक येणार नाहीत, असे सहकाऱ्यांनाच वाटले. ही हकीकत तिने आत्मकथेत स्वतः लिहून ठेवली.

ते पहिले ‘स्टार’ बीडन स्ट्रीटवर होते. हातीबागानातील पुढच्या ‘स्टार’ला तिचे नाव देण्याची घोषणा २०२४च्या डिसेंबरअखेरीस झाली. नवे नाव आहे ‘बिनोदिनी’. त्यापुढे ‘दासी’ नाही.