ढोलकीला ‘रांगडी’ म्हणणे आता पुरे

१/ आजचा धागा थोडा भांडखोर आहे. अमेरिकेतील फंक आणि आपल्या नगर जिल्ह्यातील तमाशाची ढोलकी या दोहोंचे कौतुक आपण एकाच विशेषणाने करतो: ‘रांगडी ऊर्जा’. माझा आक्षेप याच विशेषणावर आहे. ते स्तुतीच्या वेषात आलेले जुनेच हेटाळणीचे वाक्य आहे.

२/ आधी शब्द पाहा. ‘फंक’ म्हणजे मुळात दर्प, घामट वास. कृष्णवर्णीयांनी तो शब्द उचलला आणि आपल्या संगीताचे अभिमानाचे नाव केले. ‘तमाशा’चे मात्र उलटे झाले. एका पूर्ण कलाप्रकाराचे नाव आपण घराघरांत शिवीसारखे वापरतो: ‘उगाच तमाशा करू नकोस!’ ज्या समाजाची भाषाच अशी निकाल देऊन बसली आहे, त्याच्या इतिहासलेखनाकडून न्यायाची अपेक्षा कशी करावी?

३/ आता ‘रांगडे’पणाची परीक्षा करू. १९६७ चे ‘कोल्ड स्वेट’ हे जेम्स ब्राउनचे गीत फंकच्या आरंभीच्या खुणांपैकी एक मानले जाते. त्यात गिटार आणि शिंगवाद्येही सूर सांभाळण्यापेक्षा ताल धरतात आणि सगळा भार आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतो. आपल्या भाषेत, समेवर. हा ब्राउन चुकलेल्या वादकाला दंड करीत असे. जिथे एका चुकलेल्या सुराची किंमत पगारातून वळती होते, तिथे ‘नैसर्गिक उत्स्फूर्तता’ कुठून आणता?

४/ ढोलकीफडाचेही तसेच आहे. प्रारंभीची ढोलकी-हलगीची सलामी ऐका. हलगीचे चामडे आगीवर शेकवून ताणलेले असते. ढोलकीच्या एका पुडीतून घुमारा निघतो, दुसरीवर बोटे कडाडतात. पुढे लावणीत घुंगरांनी प्रश्न टाकायचा आणि ढोलकीने नेमक्या मात्रेवर उत्तर द्यायचे. श्रोता खुर्चीवरून उठतो तो बेभान होऊन. वादकाला मात्र भान सोडण्याची मुभा क्षणभरही नसते.

५/ ‘हे सारे मान्य, पण त्याचा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाशी काय संबंध?’ संबंध थेट आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचे. आख्यायिका सांगते की अहिल्याबाई होळकरांनी समज दिल्यावर या ब्राह्मण शाहिराने तमाशा सोडला आणि कीर्तनाची वाट धरली. घटना जशीच्या तशी घडली असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या आवडीने सांगितली गेली, हाच इतिहासाचा पुरावा आहे. शाहीर मोठा ठरतो तो डफ खाली ठेवल्यावर!

६/ त्याच संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळेचे गाव. महार समाजात जन्मलेल्या या कलावतीने पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) लावण्या रंगमंचावर जिवंत केल्या. बापूरावांचे शब्द छापले गेले, म्हणून ते वाङ्मयाच्या इतिहासात पोहोचले. पवळेचा आवाज, तिचे पदन्यास आणि तिच्यामागे उभा असलेला ढोलकीवाला कागदावर उतरले नाहीत. म्हणून पवळेला एखादे वाक्य मिळते आणि ढोलकीवाल्याला नावही मिळत नाही.

७/ अमेरिकेतही हेच झाले. १९७० च्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफिल्डने वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा पुढे शेकडो हिपहॉप गाण्यांचा पाया झाला. गीताचा कर्ता म्हणून नोंद मात्र ब्राउनची. त्या तुकड्याचे मानधन स्टबलफिल्डपर्यंत क्वचितच पोहोचले. कायद्याच्या लेखी ताल म्हणजे रचना नव्हे. आपल्या वाङ्मयेतिहासाच्या लेखी तरी तो कुठे आहे?

८/ स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती बसली, आणि ‘सुधारलेल्या’ तमाशाला परवानगी मिळाली. बंदी घालणारा म्हणतो, ‘हे असंस्कृत आहे.’ रांगडेपणावर भाळणारा म्हणतो, ‘हे असंस्कृत आहे, म्हणून किती छान!’ दोघांच्याही वाक्याचा पूर्वार्ध एकच आहे.

९/ एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. आंबेडकरी चळवळीतील अनेकांनी हलगी खाली ठेवली, आपल्या लेकीबाळींनी फडावर नाचू नये असे बजावले. गावकीने जन्मावरून लादलेले काम नाकारण्याचा तो हक्क होता, आणि त्या नकारापुढे मी मान झुकवतो. पण त्यांनी सक्ती नाकारली. अभिजनांनी नाकारले ते कलावंताचे कसब. पहिला नकार मुक्तीचा, दुसरा तुच्छतेचा. पहिल्याची ढाल करून दुसरा लपवू नका.

१०/ हे संगीत टिकते ते त्याच्या ‘कच्चेपणा’मुळे नव्हे. ज्यांच्या श्रमावर इतरांचा हक्क होता, त्यांनी निदान एका आवर्तनापुरता काळ आपल्या हुकमतीत आणला. पुढची सम कधी येणार हे जमीनदार, मुकादम किंवा पाटील ठरवत नव्हता. वाजवणारा ठरवत होता. पन्नास वर्षांनीही त्या ठेक्यावर अनोळखी माणसाचा पाय हलतो, तो या हुकमतीला दिलेला प्रतिसाद आहे.

११/ म्हणून एक विनंती. किल्ल्यांची मोजमापे आणि लढायांच्या तिथी आपण हौसेने गोळा करतो, त्या कराव्यातच. पण चैत्रात गावोगावी जत्रा भरतील, तेव्हा वही घेऊन फडाच्या राहुटीमागे जा. ढोलकीवाल्याला नाव, गाव आणि गुरूचे नाव विचारा. तो सांगेल तसेच, तारखेसह, लिहून ठेवा. आज तुम्ही लिहिले नाही, तर उद्याचा संशोधकही त्याच्याविषयी ‘रांगडा’ एवढेच लिहील.