पाणी कुणी बाटवलं?

भांडुपच्या डोंगरात पाणी शुद्ध करायचा नवा कारखाना घालायचं काम निघालंय. दिवसाला दोन हजार दशलक्ष लिटर. म्हणजे दोनशे कोटी लिटर. खर्च चार हजार कोटींच्या वर. आज तिथं उभा आहे तो १९१० दशलक्ष लिटरचा, आशियातला सगळ्यात मोठा म्हणून मिरवलेला. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, काँक्रीट थकलं, म्हणून त्याच्या जागी हा. बाजूला ९०० चा दुसरा आहेच. पांजरापूरलाही ९१० ची भर घालायची आहे. शहर वाढलं, तहान वाढली, कारखाना वाढवा. सरळ हिशेब.

(१९१० जाऊन २००० आले म्हणजे भांडुपात खरी भर नव्वदचीच. हे कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. असो.)

दोस्तहो, माझं कारखान्याशी भांडण नाही. पटकी, कावीळ, हगवण यांनी आमच्या वस्त्यांतली किती पोरं खाल्ली ते आमच्या आयांना विचारा. शुद्ध पाणी नको म्हणणारा मी कोण? माझं भांडण त्या दारावरच्या पाटीशी आहे. जलशुद्धीकरण केंद्र. शुद्धीकरण हा शब्द वाचला की आमच्या अंगावर काटा येतो. का येतो, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही पुढचं वाचावं. पाठ असलेलं पुन्हा म्हटल्यानं काही बिघडत नाही.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी खर्चाचे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, मुसलमान-ख्रिस्ती भरत होते, आमचा माणूस मात्र तहानलेला माघारी जायचा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. आणि मग महाडच्या सनातन्यांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. एकशेआठ घागरी. शेण, गोमूत्र, दूध, दही. वरून मंत्र. शेण गेलं ते पाणी शुद्ध, माणसाचा हात लागला ते बाटलेलं! पुढे नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

माझ्या आजीच्या गावात तळं नव्हतं, विहीर होती. आमच्या बाया काठापासून दहा हात लांब कळश्या मांडून बसायच्या. कुणा पाटलिणीला, कुणा वाणिणीला दया आली तर ती उंचावरून ओतायची. निम्मं कळशीत, निम्मं लुगड्यावर. आजी सांगायची, "पान्यापायी कदी भांडले न्हाई म्यां. भांडलं की दोन दिस कोरडं." तिच्या कळशीला आम्ही अजून मोडीत घातलेलं नाही.

आता भांडुपात काय होतं ते बघा. धरणाचं गढूळ पाणी येतं. त्यात तुरटीच्या जातीचं औषध घालतात. मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात, तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. मग क्लोरीन. संपलं. मंत्र नाही, भट नाही. क्लोरीनला जात कळत नाही. तिथून निघालेलं पाणी तुमचं-आमचं एकच असतं. इथवर विज्ञान आहे. पुढे व्यवस्था सुरू होते.

पाणी टेकड्या-टेकड्यांवरच्या टाक्यांत जातं. तिथून चावीवाला चावी फिरवेल तसं वाटण्या-वाटण्यांनी सुटतं. दोन तास, तीन तास, कुठं दीडच तास. उरलेला दिवस-रात्र पाइप रिकामा. आणि रिकामा, फुटका पाइप बाहेरचं आत ओढतो. बाजूला माती असेल तर माती, गटार असेल तर गटार. इमारतीतल्या माणसाला खाली टाकी आहे, वर टाकी आहे, पंप आहे, शिवाय स्वैपाकघरात पाणी गाळायचं मशीन भिंतीला टांगलेलं आहे. वस्तीतल्या माणसाला काय आहे? पाच-पाच घरांत मिळून एक जोडणी. ती लांब, मोठ्या रस्त्याच्या लायनीला. तिथून बोटभर जाडीच्या नळ्या नाल्यातून, संडासाच्या मागून, एकीला एक गुंतून घरापर्यंत आणलेल्या. चार हजार कोटी घालून तुम्ही जे धुणार, ते शेवटच्या शंभर फुटांत बाटतं.

शंभर वर्षं आम्हाला ऐकवलं की आमच्या हातानं पाणी बाटतं. आता सांगा, कुणी बाटवलं?

आणि माप बघा. मुंबईच्या पालिकेचं वर्षानुवर्षांचं माप असं की इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्याला ४५. पंचेचाळीस म्हणजे तीन हंडे. त्यात प्या, रांधा, धुवा, अंघोळ करा, पोराची ढुंगणं धुवा, आणि अंगाला वास आला तर "हे लोक घाणच" हे ऐकून घ्या. हे तीन हंडेसुद्धा तुमची झोपडी सरकारनं ठरवलेल्या तारखेआधीची असेल तर. १९९५ नंतर आलात? मग तुम्हाला तहान लागतच नाही. पाणी हक्क समिती हायकोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ ला कोर्टानं सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाला पिण्याचं पाणी नाकारता येत नाही, घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क त्यालाही आहे. ही घटना कुणी लिहिली ते सांगायला नको. पण त्याच निकालात हेही आहे की कायदेशीर घरवाल्याच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही. म्हणजे तळं खुलं, पण ओंजळ लहान. त्यानंतर धोरण आलं, धोरणातून रेल्वेची जमीन वगळली, फूटपाथ वगळला, मग मे २०२२ मध्ये सर्वांसाठी पाणी अशी घोषणा झाली. घोषणा झाली, रांग आहे तिथं आहे.

ते म्हणतात, हे पाणी चोरतात. गळती आणि चोरी मिळून पालिकेचं पाव हिश्शाहून जास्त पाणी वाया जातं, आणि नाव निघतं झोपडीचं. अरे, जे मागूनही मिळत नाही ते माणूस घेणारच. जोडणी द्या, मीटर बसवा, पैसे घ्या. आमची माणसं आजही टँकरवाल्याला, कॅनवाल्याला हंड्यामागे जे मोजतात ते नळाच्या बिलाच्या कितीतरी पट असतं. फुकट कोण मागतंय?

शहाण्यांसाठी एक उदाहरण. मलबार हिलवर इंग्रजांच्या काळातली, १८८७ ची टाकी आहे. ती पाडून नवी बांधायचं ठरलं. शेकडो झाडांवर गदा येणार म्हणून तिथल्या रहिवाशांनी २०२३ साली आवाज उठवला. काम थांबलं. आयआयटीचे प्राध्यापक, रहिवासी, सगळ्यांची समिती बसली. चांगलं झालं, झाडं वाचावीत. पण कुठल्या वस्तीतल्या फुटक्या नळासाठी आयआयटीचा प्राध्यापक बसलेला तुम्ही पाहिला?

१८ जुलै २०२१ ची रात्रही विसरू नका. पावसानं भांडुपचा कारखाना पाण्यात गेला, मशिनं बंद पडली, मुंबईच्या बहुतेक भागाचं पाणी तुटलं. सगळ्या शहरानं एक दिवस आमचं आयुष्य चाखलं. केवढी ओरड! पाणी उकळून प्या, जपून वापरा. त्याच रात्री चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीत डोंगरउतारावरच्या झोपड्यांवर दरड-भिंत कोसळून पंचवीसहून जास्त माणसं मेली. पाणी दुसऱ्या दिवशी यायला लागलं.

आणि हे दोनशे कोटी लिटर येणार कुठून? शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, पलीकडे वैतरणा. मुंबईची तहान भागवणाऱ्या त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाड्यातली बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चालते आणि मुंबईचं पाणी माणूसभर उंचीच्या पाइपातून जातं. आता वाड्याकडे गारगाईचं धरण ठरलंय. ४४० दशलक्ष लिटर. ओगद्यासारखी सहा गावं त्यात जाणार, बहुतेक आदिवासी. त्यांची उठलेली पोरं उद्या कुठं येतील? इथंच. आमच्या शेजारी. आणि त्यांच्याच गावावरून आलेल्या पाण्यासाठी तारखेचा पुरावा मागत रांगेत उभी राहतील. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आमची माणसं अशीच आली होती.

आपल्यांनाही दोन शब्द सुनावतो, राग आला तरी चालेल. दर २० मार्चला आपण निळे झेंडे लावून महाडला जातो. जायलाच पाहिजे. तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणतो, कपाळाला लावतो. आणि वस्तीत परत आलो की आपलाच कुणी पुढारी निळी शाल पांघरून टँकरची चिठ्ठी वाटतो, आणि आपण ती घेतो. चवदार तळ्यावर बाबासाहेब चिठ्ठी मागायला गेले नव्हते.

तर कारखाना बांधा. दोन हजाराचा बांधा, तीन हजाराचा बांधा. पण त्याच टेंडरात शेवटच्या शंभर फुटांचा पाइपही लिहा. गटाराच्या वरून जाणारा, लोखंडी, घरटी एक. पाइप रिकामा राहणार नाही इतके तास पाणी लिहा. १३५ लिहा, सगळ्यांना. धरणाखालच्या पाड्यांचा नळ मुंबईच्या आधी लिहा. हे लिहायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. ते कागदावर येत नाही तोवर त्या पाटीवरचा शुद्धीकरण शब्द तेवढा खोडा, दुसरा घाला. आमच्या डोळ्यांना तो एकशेआठ घागरींचाच दिसतो.

आमच्या गल्लीत पाणी पहाटे तीनला येतं. शेजारची म्हातारी दोनलाच उठून हंडे मांडते. आधी येते हवा, नळ घरघरतो. मग काळं पाणी, ते ती गटारात सोडून देते. दहा मिनिटांनी स्वच्छ येतं. साडेतीनला जातं.