अंग पुसण्याचा प्रश्न

दुकानात टॉवेल घेणाऱ्या माणसांकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? मी पाहिलंय. बायकोच्या पिशव्या धरून उभं राहण्याखेरीज मला तिथं दुसरं काम नसतं. तर मला आढळलं ते असं, की टॉवेल घ्यायला आलेला एकही माणूस ओला नसतो. कोरडा माणूस कोरड्या हातानं कोरडा टॉवेल चाचपतो, गालाला लावतो, ‘अय्या, किती मऊ!’ म्हणतो (पुरुष असला तर नुसतंच ‘हं’ म्हणतो) आणि पैसे मोजतो. बूट घेताना आपण चार पावलं चालून बघतो, आंब्याचा वास घेतो, कलिंगडाला टिचकी मारतो. टॉवेलला मात्र त्याचं एकमेव काम करून दाखव, असं कुणी म्हणत नाही. नुसता चेहरा बघून नेमणूक!

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जाड, मऊ आणि महाग टॉवेल हे मध्यमवर्गानं स्वतःला लावून घेतलेलं एक खूळ आहे आणि ते उतरवलं पाहिजे. मी बी.कॉम. आहे, बँकेत काउंटरवर बसतो. म्हणून आकड्यांनिशी बोलतो.

गेल्या दिवाळीत आमच्या घरातले टॉवेल बदलायचं ठरलं. ठरलं म्हणजे सौभाग्यवतींनी ठरवलं आणि मला कळवलं. “अहो, पाहुण्यांसमोर दोरीवर टाकायची लाज वाटते,” हे कारण. आमच्याकडे टॉवेलचा संबंध अंगापेक्षा पाहुण्यांशी जास्त आहे.

पूर्वी आम्ही गुलमंडीवर जायचो. दुकानदार गादीवरून न उठता विचारायचा, “सोलापुरी देऊ की साधा?” सोलापुरी म्हटलं की गठ्ठा समोर. पाच मिनिटांत खरेदी आटपून चहा. या खेपेला मुलीनं आम्हांला काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथल्या पोरानं मला विचारलं, “सर, जीएसएम किती हवा?”

मला वाटलं, जीएसटी. मी म्हटलं, “कायद्यानं असेल तेवढा लावा.”

मुलगी हळूच दोन पावलं लांब सरकली.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. मुलानं दाखवला तो टॉवेल 700 जीएसएमचा होता. लांबी 150 सेंटीमीटर, रुंदी 75. मी मनातल्या मनात गुणाकार केला : एका टॉवेलचं वजन 787 ग्रॅम. असे चार घेतले की तीन किलोंच्या वर. आणि हे कोरडं वजन! घरी येऊन अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पंचा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 150 ग्रॅमसुद्धा भरला नाही. म्हणजे एका टॉवेलात पाच पंचे बसतात. अण्णांचं अंग काही माझ्या एकपंचमांश नाही.

शिवाय त्या टॉवेलांना नावं होती. स्पा, लक्झरी, हॉटेल कलेक्शन. निळ्या रंगाला निळा म्हणत नव्हते, काहीतरी समुद्रावरचं धुकं म्हणत होते. नावाला मी भुलत नाही. 2024 च्या वेतन करारापासून बँकेतल्या कारकुनालाही ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पासबुकं मीच भरतो आणि बोलणीही मीच खातो.

मग माझ्या हातून एक गोष्ट घडली. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती. मी टोपणभर पाणी त्या समुद्रावरच्या धुक्यावर ओतलं. खाली दुलई धरली होती, नाही असं नाही. पाणी आत मुरेल म्हणून वाट बघितली. कसलं मुरतंय! थेंब वरच्या वर गोल होऊन बसले. अळवावरचं पाणी ते हेच. “अहो!” एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या, पण त्या दोन अक्षरांत वीस वर्षांचा संसार होता. अर्थातच टॉवेल घ्यावे लागले. भिजवलेला तर पहिला.

यामागची गोम ऐका. टॉवेल गालाला मऊ लागावा म्हणून कारखान्यात त्यावर मऊपणाचं रसायन चढवतात. त्याचा पातळ थर सुतावर बसतो आणि तोच पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणजे ज्या गुणावर भुलून आपण टॉवेल घेतो, तोच गुण त्याला टॉवेलचं काम करू देत नाही. चार-सहा वेळा धुतल्यावर हा थर जातो आणि टॉवेल शुद्धीवर येतो. पण तेवढ्यात आपण धुण्याच्या पाण्यात सुवासिक सॉफ्टनर ओततो. थर पुन्हा हजर! आमच्या मुलीनं हे काम मोठ्या भक्तिभावानं चालवलं.

टॉवेलाशी माझं वैर नाही. टर्किश टॉवेल ही अक्कलहुशारीची वस्तू आहे. त्यात उभे धागे दोन जातींचे असतात. एक ताणलेले, एक सैल सोडलेले. सैल धाग्यांची कापडावर कडी उभी राहतात आणि ती पाणी पितात. संसारातही एक ताणलेला आणि एक सैल लागतो, तसंच. तुर्कस्तानातली ही युक्ती इंग्रजांनी यंत्रावर नेली आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडली. पुढे आमच्या सोलापूरच्या मागांनी ती अशी आपलीशी केली, की सोलापुरी टॉवेलला चादरीच्या बरोबरीनं भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारनं शिक्का मारून सांगितलं, की हा टॉवेल या गावचा. तुळजापूरला दर्शनाला गेलेला मराठवाड्यातला माणूस पुढं सोलापूर गाठून टॉवेल घेऊन येतो, तो काही उगीच नाही. तो टॉवेल पहिल्या दिवशी जरा खरखरीत लागतो. लागू दे. अंग पुसायचंय, गोंजारायचं नाही.

आमचं शहर तर कापडाचं जाणकार. जवळच पैठणची पैठणी, गावातच हिमरू. त्या शहरातल्या आम्ही लेबलावरचा आकडा वाचून टॉवेल घ्यावा?

सौभाग्यवतींचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. त्या म्हणाल्या, “हॉटेलात राहिलो तेव्हा त्या टॉवेलाचं कौतुक तुम्हीच केलंत. घरी जरा सुख मिळालं तर काय बिघडलं?”

खरं आहे. केलं होतं कौतुक. पण हॉटेलातला टॉवेल सुखाचा वाटतो, कारण तो धुणारा आपल्याला दिसत नाही. घरी तो दिसतो. बहुधा दिसते. आमच्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी भिजलेला टॉवेल बादलीतून अर्धा वर काढला, परत सोडला आणि म्हणाल्या, “ताई, हे टॉवेल न्हाईत, गोधड्या हैत. गोधडीचे पैसे येगळे.” एक टोक त्यांनी धरलं, दुसरं सौभाग्यवतींनी, आणि दोघी विरुद्ध दिशांना पिळत राहिल्या. मी पेपरामागं होतो. त्या दिवशी संध्याकाळी सौभाग्यवतींनी मनगटाला मलम लावलं. मऊपणा चौघांनी वाटून घेतला होता, पिळणं मात्र दोघींच्याच वाट्याला आलं होतं. माझा सगळा राग खरं तर इथं आहे.

आणि पाणी? मलिक अंबरानं सतराव्या शतकात जमिनीखालून नहर खोदून या गावाला पाणी पाजलं. त्याच गावात आम्ही नळाला पाणी येण्याचे वार तोंडपाठ करून मोठे झालो. टाकी, पिंप, बादली, कळशी, शेवटी पातेलं, या क्रमानं भरायचं हे आमच्याकडच्या लहान मुलालाही कळतं. अशा गावात दोन बादल्या पिऊनही साबण न सोडणारा टॉवेल ही चैन नव्हे, मस्ती आहे.

अण्णा अर्ध्या बादलीत आंघोळ करतात. पंच्यानं अंग पुसतात, उरलेल्या तांब्याभर पाण्यात तो खळबळतात, स्वतः पिळतात, झटकतात आणि दोरीवर टाकतात. चहा होईतो पंचा वाळलेला. आमच्या टॉवेलाला पावसाळ्यात दोन दिवस लागतात आणि तिसऱ्या दिवशी वास येतो. पंच्याला गरिबीचं लक्षण समजणाऱ्यांनी आठवावं, की गांधीजी 1931 साली लंडनच्या राजवाड्यात राजाला भेटायला गेले ते पंचा नेसूनच. ती हिंमत माझ्यात नाही. मी पंच्यात दाराची कडीही काढत नाही. पण अंग पुसायला हिंमत कशाला हवी?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक दुकानदारानं टॉवेलांच्या कपाटाशेजारी पाण्याची एक बादली ठेवावी. गिऱ्हाइकानं हात बुडवावा, पुसावा आणि मग बोलावं. आणि घरातल्या ज्याला टॉवेल निवडायचा असेल, त्यानं तो आधी एकदा पिळून दाखवावा.

परवा मेव्हणे आले होते. त्यांना अर्थातच नवा टॉवेल दिला. ते न्हाणीघरात गेले आणि पाच मिनिटांनी आतून आवाज आला, “ताई, एखादा जुना टॉवेल असेल का गं? हा नुसतं पाणी इकडचं तिकडं करतोय.”

अण्णांनी काही न बोलता आपला दुसरा पंचा दारातून आत सरकवला. मीही काही बोललो नाही. हे सोपं नव्हतं.

रविवारी सकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गुलमंडीवर जाऊन येऊ या का?”

मी चपला घातल्या.

“आणि हो,” त्या म्हणाल्या, “पाण्याची बाटली घ्या बरोबर.”