सरकारी शब्दाची मुदत

मुंबईत अंधेरीला सिप्झ नावाची कारखान्यांची वसाहत आहे. १९७३ मध्ये सरकारने ती निर्यातीसाठी उभी केली. इलेक्ट्रॉनिक्सचा माल आणि दागिने तेथून परदेशी जातात. तिथल्या कराचे भांडण कापूस-ज्वारीवाल्याने का ऐकावे, असे कोणी विचारील. ऐकावे; कारण प्रश्न सरकारच्या शब्दाचा आहे.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने अशा वसाहतींत येणाऱ्या कारखान्यांना निर्यातीच्या नफ्यावर आयकरात सूट दिली. पहिली पाच वर्षे पूर्ण, पुढची पाच निम्मी, त्यापुढची पाच नफा धंद्यात परत घातला तर. किमान पर्यायी करातूनही त्यांना वगळले. या भरवशावर भांडवल घातले गेले. आणि २०११ च्या अर्थसंकल्पाने तोच किमान कर साडेअठरा टक्क्यांनी त्यांच्या माथी मारला. मूळ सूट कागदावर राहिली; आज भरा, पुढे वळते करून घ्या, असे सांगितले. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढले.

सरकारला असे करता येते काय? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कानपूरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या खटल्यात सांगितले : विक्रीकर माफीचा शब्द दिला, त्यावर विसंबून कारखाना उभा राहिला, आता शब्द फिरवता येणार नाही. पण २०२० मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजू उचलून धरली. भूकंपानंतर कच्छमध्ये नव्या कारखान्यांना अबकारी कराचा परतावा कबूल केला होता. सवलतीचा गैरवापर होतो म्हणून सरकारने २००८ मध्ये तो आखडला. लोकहितासाठी असे करता येते, असा निकाल झाला.

लोकहित! हा शब्द आमच्या चांगला ओळखीचा आहे. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली, तीही लोकहितासाठीच. ओरड झाल्यावर आठवडाभरात बंदी ढिली करावी लागली. २०२५ मध्ये जूनला आम्ही सरकी टोबली, तेव्हा आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्टमध्ये, बोंडे झाडावर असताना, ते काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ऐन वेचणीचे दिवस तेवढे त्यात सापडले.

शुल्क टिकवू असे आम्हाला कोणी लिहून दिले नव्हते, हे खरे. कारखानदाराकडे निदान कागद असतो, वकील असतो. आमचा पेरा हाच आमचा कागद, आणि तो कोणत्याही कोर्टात चालत नाही. ज्याला लेखी शब्द दिला त्याचीच ही गत, तर आपली काय कथा?

कारखानदारांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. एकाला सूट म्हणजे तो बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर. आमचे मत असे की मर्जीतल्यांना सूट देऊच नये. सर्वांना कर सारखा आणि हलका असावा. पण मुदत घालून शब्द दिला, तर आत आलेल्यांसाठी तो शेवटपर्यंत पाळावा. लबाडी करणाऱ्याला पकडावे, सगळ्यांना दंड नको. दार लावायचे तर नव्यांसाठी, आणि आधी सांगून. सरकारला हे जमते. २०२० च्या मार्चनंतर सुरू होणाऱ्या कारखान्यांना ही आयकर सूट नाही, हे २०१६ च्या अर्थसंकल्पातच जाहीर झाले होते. चार वर्षे आधी!

मग आम्हाला चार महिने का मिळू नयेत? कापसाचे आयात-निर्यात धोरण पेरणीपूर्वी जाहीर करा आणि तो हंगाम विकला जाईपर्यंत बदलू नका. लोकहिताचे नाव घेतले तर कोणाचे किती हित आणि कोणाचे किती नुकसान, हा हिशेब आधी मांडा. या मागणीचा ठराव प्रत्येक जिल्हा बैठकीत व्हावा. आम्ही सूट मागत नाही. पेरताना जो नियम होता, तोच विकताना असावा, एवढेच मागतो.