नशेची तपासणी कोणाची?

पुणे-नाशिक रस्त्यावर मोठा अपघात झाला की, चालकांना जागच्या जागी अडवून अंमली पदार्थांची चाचणी घेण्याचे जादा अधिकार पोलिसांना द्या, अशी हाकाटी सुरू होते. राजगुरुनगर-चाकणच्या जनतेला हा प्रश्न परका नाही. औद्योगिक वसाहतीचा माल वाहणारे कंटेनर आणि पाळीवर निघालेला दुचाकीस्वार कामगार येथे एकाच रस्त्यावर असतात. नशेत वाहन हाकणाऱ्याची गय करा, असे कोणीही समाजवादी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो या अधिकाराला मर्यादा कोणती आणि तो चालणार कोणावर, हा.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 185 दारूसाठी निश्चित माप सांगते: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अंमली पदार्थांसाठी असे माप नाही. वाहनावर ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता, हे सिद्ध करावे लागते. गांजाची नशा काही तासांत उतरते, त्याचा अंश मात्र लघवीत कित्येक दिवस सापडतो. तेव्हा केवळ अंश सापडला म्हणून चालकाला दोषी ठरवण्याची मुभा नाक्यावरच्या पोलिसाला देणे, म्हणजे परमुलखातील ट्रकचालकाकडून पैसे उकळण्याचे नवे हत्यार त्याच्या हाती देणे होय.

आणि धनिकांचे काय? 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीच्या धडकेत दोघांचा बळी गेला. आरोपी अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. रक्त तपासण्याचा अधिकार तेथे होताच! कमतरता अधिकाराची नव्हती.

लांब पल्ल्याचे अनेक चालक नशेचा आधार घेतात तो चैनीसाठी नव्हे, झोप मारण्यासाठी. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला 8 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा 1961 च्या कायद्यानेच घालून दिली होती. चालकाचे तोंड हुंगणाऱ्या यंत्रणेने मालकाची हजेरीवही कधी उघडली काय?

म्हणून कार्यकर्त्यांनी चाचणीला विरोध न करता तिला अटी घालाव्यात. संशयाचे कारण आधी लेखी नोंदवा. नमुना डॉक्टरांनीच घ्यावा. दुसरा मोहोरबंद नमुना स्वतंत्र तपासणीसाठी राखून ठेवा. आणि चालक दोषी आढळला की त्याच दिवशी मालकाचे कामाच्या तासांचे दप्तर जप्त करा. चालकाचे रक्त तपासायचे असेल, तर ते आटवणाऱ्याचीही तपासणी झालीच पाहिजे.