ठोकळा चिकटला, पण शून्य कुठे गेले?

अमेरिकेत कयाक या चिंचोळ्या होडीतून गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा होतात. मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवायचा, त्याचे तोंड शून्यापाशीच्या आडव्या ठोकळ्याला टेकवायचे, छायाचित्र घ्यायचे आणि मासा पाण्यात सोडायचा. पुन्हा मोजायची सोय नाही! पाव इंचावर निकाल फिरतो.

ही फळी सहसा विकतचीच असते. ठोकळा निखळला की गोंद लावून चिकटवला, झाली दुरुस्ती. मला हे मान्य नाही. चिकटवताना ठोकळा पाव इंच पुढे सरकला, तर प्रत्येक मासा पाव इंच जास्त लांब भरेल. दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ही चूक जाणार नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला होते. (तुमच्या शाळेतील मीटरपट्टीचे झिजलेले टोक आठवा.) म्हणून गोंद वाळल्यावर ठोकळ्यापासून पोलादी टेप लावून फळीवरच्या खुणा पडताळल्याच पाहिजेत.

सुधारणा करायचीच, तर फळीवर शेपटी सपाट बसेल असे पाहा. शेपटी १ सेंमी उचललेली असली आणि कॅमेरा फळीच्या लांबीच्या दिशेने ४५ अंश कलला, तर वाचन १ सेंमीने चुकते. ठोकळा मात्र अगदी बरोबर जागी असतो.