मुखवटा कोणाचा काढायचा?

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात महागाई या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे सुरू झाली, तेव्हा मागच्या रांगेतील एका तरुण कार्यकर्तीने विषयाबाहेरचा प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. ती एका तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे आणि पक्षिनिरीक्षण हा तिचा छंद आहे. इंटरनेटवर पक्षिमित्रांचा एक चर्चामंच आहे. तेथे ती आपल्या नोंदी व छायाचित्रे देत असे. एकदा एका पक्ष्याच्या ओळखीवरून मतभेद झाला आणि तिचे म्हणणे बरोबर ठरले. त्या दिवसापासून तीन-चार टोपणनावांनी तिच्यावर चिखलफेक सुरू झाली. ती पक्ष्यांविषयी नव्हती. तिच्या जातीविषयी आणि तिच्या स्त्री असण्याविषयी होती. दोन महिने सोसून तिने तेथे जाणे सोडले. तिचा प्रश्न सरळ होता : तोंड लपवून शिव्या देणाऱ्याला खरे नाव सांगण्याची सक्ती करणारा कायदा आपण का मागत नाही?

सभागृहात टाळ्या पडल्या. मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते, हे घरी परतताना मला जाणवले. त्या उत्तराची भरपाई करण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की तिची तक्रार क्षुल्लक नाही. ‘इंटरनेटवर असे चालायचेच, मनावर घेऊ नये,’ हा उपदेश बहुधा ज्याला स्वतःला कधी सोसावे लागलेले नसते तोच करतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे ग्रेशॅमचा नियम आठवतो. खोटे नाणे आणि खरे नाणे एकाच दराने चालू लागले की खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावून लावते. चर्चेचेही तसेच होते. शिवीला आणि युक्तिवादाला एकाच मापाने जागा मिळू लागली की युक्तिवाद करणारा उठून जातो व शिवी देणारा उरतो. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले होते की, असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात : आवाज उठवणे किंवा निघून जाणे. आवाज उठवण्याची किंमत वाढली की तो निघून जातो. ही किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या मागे जातीचे, पैशाचे वा पुरुषपणाचे पाठबळ आहे त्याला ती स्वस्त पडते, तर शिक्षिकेला ती परवडत नाही. म्हणजे निनावी शिवी ही वरकरणी कोणालाही लागू शकणारी वस्तू असली, तरी व्यवहारात ती जुन्याच उतरंडीची राखण करते. छंदाच्या जागा राजकारणापासून दूर असतात असे आपण मानतो. पण सार्वजनिक आयुष्यात पहिले पाऊल टाकणारी माणसे पुष्कळदा अशाच जागांतून येतात. तेथून त्यांना परतवून लावले जात असेल, तर ती चळवळीचीही हानी आहे.

रोगाचे निदान मान्य केले म्हणून सुचवलेले औषध योग्य ठरत नाही. खऱ्या नावाच्या सक्तीचा प्रयोग जगात होऊन गेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे.

दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख तपासणे बंधनकारक केले. आरंभी रोज तीन लाखांहून अधिक लोक भेट देतात अशा संकेतस्थळांपुरता हा नियम होता. २००९ साली ती मर्यादा एक लाखावर आणण्यात आली. हेतू हाच होता : शिवीगाळ व बदनामी थांबावी. पुढे काय झाले? संकेतस्थळांजवळ नागरिकांच्या ओळखक्रमांकांचे साठे जमले. २०११ च्या जुलैमध्ये एका कंपनीच्या ‘नेट’ आणि ‘सायवर्ल्ड’ या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ही तरतूद एकमताने घटनाबाह्य ठरवली. बेकायदा मजकुरात लक्षणीय घट झाल्याचे दिसत नाही, लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले आहेत आणि अभिव्यक्तीवर मात्र बंधन आले आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. थोडक्यात, शिवी राहिली आणि गोपनीयता गेली.

दुसरा प्रयोग छंदाच्याच क्षेत्रातला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा संगणकावरील खेळ चालवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने जुलै २०१० मध्ये जाहीर केले की, खेळाडूंच्या चर्चापीठावर यापुढे प्रत्येकाचे खरे नाव दिसेल. यात काही धोका नाही हे पटवण्यासाठी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने आपले खरे नाव तेथे लिहिले. थोड्याच वेळात लोकांनी त्याच्या खासगी आयुष्याची माहिती शोधून चव्हाट्यावर मांडली. खेळणाऱ्या स्त्रियांनी विचारले की, हरलेला प्रतिस्पर्धी उद्या घराच्या दारात उभा राहिला तर काय करायचे? तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत हाच प्रश्न विचारून पाहावा. खऱ्या नावाची सक्ती असती, तर शिवी देणाऱ्यांची नावे तिला कळली असती हे खरे. पण तिचे नाव, गाव आणि शाळा त्यांनाही कळली असती. कोणाला अधिक भय वाटले असते?

तिसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनी हे स्वतःच्या नावाने केले होते. त्यात शिवी नव्हती. तरीही दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा त्या वेळी वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. नावानिशी बोलणारा जबाबदारीने बोलतो, हे अर्धे सत्य आहे. नावानिशी बोलणारा झुंडीच्या हाती सापडतो, हे उरलेले अर्धे.

आपल्या वैचारिक परंपरेलाही निनावी लेखनाचे ऋण नाकारता येणार नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून समाजावर कोरडे ओढत होते, ते ‘लोकहितवादी’ या नावाने. आणीबाणीच्या २१ महिन्यांत सायक्लोस्टाइल केलेली जी भूमिगत पत्रके हातोहाती फिरली, त्यांखाली लिहिणाऱ्याची व छापणाऱ्याची नावे असती तर ती दुसऱ्या दिवशी बंद पडली असती. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासह खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने हत्येचा हेतू लूट असल्याचे मांडले. ते मान्य केले तरी, विश्वासाने सोपवलेले नाव शासनाला गुप्त ठेवता आले नाही ही गोष्ट उरतेच. अशा शासनाच्या हाती प्रत्येक नागरिकाच्या प्रत्येक टोपणनावाची किल्ली द्यावी, असे आपण म्हणणार आहोत काय?

यावर कोणी म्हणेल, पक्षिमंचावरचा शिवीगाळ करणारा म्हणजे काही लोकहितवादी नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. दोघांनी मुखवटा घातला म्हणून दोघे सारखे ठरत नाहीत. एकाने तो आपल्याहून बलवान असलेल्यापासून बचाव करण्यासाठी घातला. दुसऱ्याने आपल्याहून दुर्बल असलेल्यावर हल्ला करण्यासाठी. मुखवटा असावा की नसावा हा खरा प्रश्नच नव्हे. तो कोणाचा, कोणत्या कारणाने, कोणाच्या आदेशाने आणि किती काढायचा, हा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर इंग्लंडमधील न्यायालयाने २००७ साली दिले. शेफिल्ड वेन्सडे या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर क्लबच्या संचालकांविषयी टोपणनावांनी बराच मजकूर लिहिला गेला होता. संचालकांनी लिहिणाऱ्यांची खरी नावे मागितली. न्यायाधीशांनी सरसकट होकार दिला नाही व सरसकट नकारही दिला नाही. त्यांनी एकेक मजकूर तपासला. निव्वळ चिडचिड, थट्टा वा उथळ शेरेबाजी होती तेथे नाव उघड करण्यास त्यांनी नकार दिला. अप्रामाणिकपणाचा गंभीर आरोप केलेला होता तेथे नाव देण्याचा आदेश दिला. चाळणीचे हे तत्त्व मला मोलाचे वाटते. मात्र त्या खटल्यातील अर्जदार एका क्लबचे मालक-संचालक होते, हेही विसरता कामा नये. त्यांना वकील परवडत होते. तालुक्यातील शिक्षिकेला ते परवडणार नाहीत. न्याय्य तत्त्व महाग झाले की ते श्रीमंतांचे हत्यार बनते.

आपल्याकडे कायदा नाही म्हणून हे घडते, असाही एक समज आहे. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ या नावाने मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’साठी मांडण्याचा निंद्य प्रकार घडला. दिल्लीत गुन्हा नोंदवला गेला. पण कित्येक महिने कोणालाही अटक झाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावाने त्याचीच पुनरावृत्ती झाली, तेव्हा मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच संशयितांना पकडले आणि त्यानंतर आधीच्या प्रकरणातही अटक झाली. कायदा तोच होता आणि मुखवटेही तसेच होते. फरक पडला तो इच्छाशक्तीचा. जो मुखवटा शासनाला काढायचा असतो तो निघतो. नवे अधिकार मागण्यापूर्वी, असलेले अधिकार कोणासाठी वापरले जातात हे विचारले पाहिजे.

मग आपण मागायचे काय? समाजमाध्यमांवरील खाती आधारशी जोडावीत, अशी मागणी करणाऱ्या याचिका २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयात दाखल झाल्या होत्या. अशा मागणीला आपला स्पष्ट विरोध असावा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्याच्याशी ही सक्ती सुसंगत नाही.

सक्तीऐवजी टिकाऊ टोपणनावाचा आग्रह धरावा. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक या अभ्यासकांनी २००१ च्या एका निबंधात दाखवले की, नाव बदलणे फुकट असले की वाईट वागण्याची किंमतच उरत नाही आणि त्याचा भुर्दंड प्रामाणिक नवागतांना बसतो, कारण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. एकाच जागी एका माणसाला एकच टोपणनाव, तेही सहजी न बदलता येणारे, अशी व्यवस्था केली तर त्या नावालाच पत येते व ती पत गमावण्याचे भय वाटू लागते. त्यामागचा माणूस कोण हे जगाला कळण्याची गरज नाही. बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या जी उधारी चालली ती ओळखपत्रावर चालली नाही, पतीवर चालली.

ओळख उघड करण्याचा अधिकार न्यायाधीशाकडेच असावा. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले. ते न्यायालयाच्या आदेशाने, किंवा सरकारच्या सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेही. यातील दुसरा दरवाजा बंद झाला पाहिजे आणि पहिला गरिबासाठी खऱ्या अर्थाने उघडला पाहिजे. जातिवाचक शिवी, बलात्काराची वा मारहाणीची धमकी, खासगी छायाचित्रांचा गैरवापर अशा तक्रारी विनाशुल्क, विधिसेवा प्राधिकरणाच्या मदतीने, ठरावीक मुदतीत दंडाधिकाऱ्यांपुढे याव्यात. ज्याचे नाव मागितले जात आहे त्याला टोपणनावानेच आपली बाजू मांडण्याची संधी मिळावी आणि आदेश कारणांसह लेखी असावा.

कंपन्यांनाही मोकळे सोडता येणार नाही. लोकांचे लक्ष जाहिरातदारांना विकणे हा त्यांचा धंदा आहे, आणि भांडणाकडे लक्ष लवकर वेधले जाते. गिरणीचा मालक सांडपाणी नदीत सोडून खर्च गावावर टाकतो. त्यातलाच हा प्रकार. नफा त्यांचा, मनस्ताप शिक्षिकेचा. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, मराठीसारख्या भाषांतला मजकूर वाचायला किती माणसे नेमली आहेत, हे जाहीर करण्याचे बंधन त्यांच्यावर हवे. फावल्या वेळात, पदरमोड करून छंदाचे मंच चालवणाऱ्यांना मात्र हेच ओझे देता कामा नये. अन्यथा ते बंद पडतील आणि मैदान मोठ्या कंपन्यांनाच मोकळे होईल.

शेवटची गोष्ट आपल्याविषयी. आपले काही मित्रही खोट्या नावाने विरोधकांवर, विशेषतः विरोधी विचारांच्या स्त्रियांवर, तुटून पडतात आणि त्याला ‘सडेतोड उत्तर’ म्हणतात, हे मी पाहिले आहे. जे आपण उघड सभेत आपल्या आईबहिणींसमोर बोलणार नाही, ते टोपणनावाने लिहू नये, एवढा नियम कार्यकर्त्याने स्वतःला घालून घ्यायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

त्या शिक्षिकेला मी पत्र लिहिले आहे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तिने त्या मंचावर परत जावे आणि या वेळी तिच्यासोबत आपल्यातले दहा जण असावेत, असे मी सुचवले आहे. तेथे शिवी पडताच दहा जणांनी सभ्य शब्दांत, पण ठामपणे, हे चालणार नाही असे म्हणावे. मला पक्ष्यांतले काही कळत नाही. तरीही त्या दहांत माझे नाव धरावे, असे मी तिला कळवले आहे.